आता तुला वेळच वेळ

३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगममधून ७८,५६९ माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. साताऱ्यातून बाहेर पडलेल्यांत मी होते. पन्नाशी गाठलेल्या सगळ्यांना योजना खुली होती. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ एवढ्या मुदतीत हो की नाही ते कळवायचं होतं. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा, असा हिशेब. मला पंचावन्न पूर्ण झाली होती आणि साठीपर्यंतची नोकरी शिल्लक होती. तो महिना आमच्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. डबा खाताना कॅल्क्युलेटर, चहाला कॅल्क्युलेटर. कुणाच्या मुलीचं लग्न राहिलेलं, कुणाचं घराचं कर्ज फिटायचं होतं, कुणाचे गुडघे गेलेले. जो तो दुसऱ्याचा आकडा विचारून आपल्या आकड्याशी ताडून बघायचा.

पैशाचं मी नीट बघितलं होतं. पेन्शन किती बसेल, सानुग्रह रक्कम दोन हप्त्यांत कशी येईल, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत काय टाकता येईल, सगळं वहीत मांडलं होतं. ती योजना साठीनंतरची असली तरी स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना पंचावन्नपासून खुली असते, फक्त पैसे हातात आल्यावर मुदतीत खातं उघडावं लागतं, हे मला पोस्टातल्या बाईंनी समजावून सांगितलं. तेव्हा मर्यादा १५ लाखांची होती. व्याज मार्चअखेरपर्यंत ८.६ टक्के होतं, १ एप्रिल २०२० पासून ७.४ झालं. हे सगळं मला तारखांसकट पाठ होतं. पण सकाळी उठून दिवसाचं करायचं काय, याला त्या वहीत एक ओळही नव्हती.

माझी नोकरी वेळ मोजण्याचीच होती, म्हणून हे मला जास्त जाणवलं असावं. ऐंशीच्या दशकात मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक बोर्डावर हेडसेट लावून बसायचं, बुकिंगची चिठ्ठी घ्यायची, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग ते बघून नंबर लावायचा. कॉल तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने मोजला जायचा. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वाढवायचा का. कुणी रडत असायचं, कुणी घाईघाईने भाताचा भाव सांगत असायचं, पण घड्याळ सगळ्यांना सारखं. पुढे एसटीडी घरोघर आली आणि बोर्ड गेला. मग मी १९७ वर नंबर सांगितले, १९८ वर तक्रारी घेतल्या, शेवटी बिलांच्या आणि नव्या जोडण्यांच्या खिडकीवर बसले. काम बदललं, तरी शिफ्ट, हजेरी, रजेचा अर्ज हे कायम होतं. सकाळची ड्युटी असली की सहाला घर सोडायचं, रात्रीची असली की दुपारी झोपायचं. स्वयंपाक, मुलीची शाळा, हळदीकुंकू, सगळं त्या ड्युटीच्या कडेकडेने बसायचं. माझा दिवस मी कधी आखलाच नव्हता. तो आखलेलाच मिळायचा.

फेब्रुवारीत तो आखायला दुसरे लोक पुढे आले. हे मी कडवटपणाने लिहीत नाही, कारण त्यांतलं प्रत्येक माणूस माझं आहे आणि प्रत्येकाची गरज खरी होती. "आता तुला वेळच वेळ," हे वाक्य पहिल्यांदा नणंदेने म्हटलं. तिच्या गॅसची केवायसी करायची होती. मग वहिनीने म्हटलं, तिच्या नातवाला पाळणाघरातून आणायचं होतं. शेजारच्या काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात सोबत हवी होती. सोसायटीला हिशेब लिहायला कुणीतरी हवं होतं. भिशीच्या बायकांना जागा हवी होती. पुरुष निवृत्त झाला की लोक विचारतात, आता काय करणार? बाई निवृत्त झाली की असं कुणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मलाही हो म्हणायला बरं वाटत होतं, कारण हो म्हटलं की निदान दिवस भरायचा. संध्याकाळी पाय दुखायचे, आणि आपण आज काय केलं ते सांगता यायचं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि हाही प्रश्न बाजूला पडला. आमचे हे शाळेत शिक्षक, ते घरी. मुलगी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी. सासूबाई तर घरातच असायच्या. चौघांचं चार वेळचं खाणं, भाजी धुऊन वाळवणं, औषधांची पाकिटं पुसून ठेवणं. सगळं जग घरात बसलं होतं, त्यामुळे माझं घरी असणं वेगळं दिसतच नव्हतं. खरं गोंधळणं सुरू झालं ते त्यानंतर, जो तो आपापल्या कामाला परत गेला तेव्हा. यांची शाळा उघडली, मुलगी पुण्याला गेली. सकाळी साडेदहाला घर शांत झालं की मी ओट्याजवळ उभी असायचे आणि मला खरोखर कळायचं नाही की आता कुठल्या खोलीत जायचं.

मुलीने सांगितलं, आई, ध्येयं लिही. तिच्या कंपनीत दर तिमाहीला लिहून घेतात. मी लिहायला बसले. पोहायला शिकणं. पेटी शिकणं, लहानपणी अर्धवट राहिलेली. अजिंक्यताऱ्यावर रोज चढणं. नर्मदा परिक्रमा. इंग्रजी कादंबऱ्या वाचणं. गच्चीवर भाजी. जुने फोटो लावणं. मोडी लिपी शिकणं. यादी वाढतच गेली आणि वाढली तशी जड झाली. इतकी वर्षं ज्या ज्या गोष्टीला "नंतर बघू" म्हटलं होतं ती प्रत्येक गोष्ट हक्काने समोर येऊन बसली. त्यांतली कुठली माझी आणि कुठली नुसती ऐकून घेतलेली, हेच समजेना. परिक्रमा मी का लिहिली? ऑफिसातल्या दोघीजणी करून आल्या होत्या म्हणून. इंग्रजी कादंबऱ्या का? मुलगी वाचते म्हणून. आणि ज्या माझ्या होत्या त्याही सुरू होत नव्हत्या. आज पेटी, उद्या फोटो असं म्हणता म्हणता परत केवायसीची रांग लागायची.

यातून मला वाट दाखवली ती आमच्याकडच्या एका लाइनमनने. तेही माझ्याबरोबरच बाहेर पडले आणि कोरेगाव तालुक्यात आपल्या गावी शेती करू लागले. पावसाळ्यात वाघ्या घेवडा, नंतर ज्वारी. त्यांच्या वाड्यात बसून मी माझी यादी वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "ताई, ध्येयाचं राहू द्या, आधी वार ठरवा. आमच्यात बाजाराचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी कुणी कुणाकडं मजुरीला जात नाही, कुणी बोलावतही नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, आज हा बाजारला जाणार."

मला हे फार खरं वाटलं. यादीतली एकही गोष्ट अवघड नव्हती, पण तिला वार नव्हता आणि तो वार माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हता. ड्युटीला कुणी हरकत घेत नाही याचं कारण ती महत्त्वाची असते एवढंच नसतं. ती सगळ्यांना माहीत असते. मी घरी येऊन यादी बाजूला ठेवली आणि एकच गोष्ट निवडली. तिला गुरुवार दिला आणि तो घरात मोठ्याने सांगितला.

निवडलं ते मोडी. त्याला कारण होतं. माहेरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आजोबांचे कागद. आजोबांना मोडी यायची, वडिलांना येत नव्हती, त्यामुळे त्यांच्या हयातीत ती ट्रंक दसऱ्याला पुसायची आणि परत ठेवायची एवढंच झालं. भावाला तिचं काय करावं कळत नव्हतं. एकदा तो म्हणाला, वाळवी लागायच्या आत टाकून देऊ या. त्या बोलण्याने माझ्या पोटात गोळा आला. यादीतली दुसरी कुठलीही गोष्ट राहून गेली असती तर मी ती सोसली असती. हे कागद न वाचता गेले असते तर नाही.

शिकवायला एक निवृत्त शिक्षक भेटले. सुरुवातीला फोनच्या पडद्यावर, पुढे त्यांच्या घरी, गुरुवारी दुपारी. वर्गात मी सगळ्यांत थोरली होते. माझ्या शेजारची मुलगी इतिहासात एमए करत होती. पहिले काही महिने मला काहीही दिसत नव्हतं, हे अक्षरशः खरं आहे. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ह्रस्व-दीर्घ नाही. विरामचिन्हं नाहीत. काना जोडला की कित्येक अक्षरांचं रूपच पालटतं. पान समोर धरलं की एकच लांब वळवळणारी रेघ. सर म्हणायचे, वाचू नका, आधी गिरवा. हाताला कळलं की डोळ्याला कळेल. मी गिरवत राहिले. जेवणं झाल्यावर, ओटा आवरल्यावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला. बोटांना पूर्वीच्या चिठ्ठ्यांची सवय होती, भरभर आणि बारीक लिहायची. ती उपयोगी आली.

आणि या लिपीमागे केवढं जग आहे ते उलगडू लागलं. शेकडो वर्षं मराठीचा रोजचा व्यवहार, सरकारी असो की घरगुती, हिच्यात चालला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत, कोट्यवधी कागद, आणि ते वाचू शकणारी माणसं थोडी. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून असे कागद गोळा करत. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, असे २२ खंड झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथे आजही मोडी शिकवतात. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, म्हणजे ती संगणकावर लिहिता येते. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता, असं ती म्हणाली. मला शिकताना सर्वांत झुंजवलं ते कालगणनेने. सुहूर सनाची वर्षं अरबी शब्दांत लिहायची पद्धत. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. समान खमसैन मया व अलफ म्हणजे ११५८, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५७, आणि वर्ष मृगाला बदलत असल्यामुळे कधी ६०० मिळवायचे. फसलीला ५९०. ट्रंक बोर्डावर आम्ही गावांचे कोड पाठ करायचो, तशी मी ही यादी स्वयंपाक करता करता म्हणायचे. सासूबाई विचारायच्या, कुठलं स्तोत्र?

ट्रंकेतला पहिला कागद पूर्ण वाचायला फार काळ गेला. बराचसा सरांनी लावून दिला, बाकीचा मी. तो ब्रिटिश अमदानीतला, स्टॅम्पाच्या कागदावरचा कर्जरोखा होता. विहिरीच्या कामासाठी जमीन गहाण ठेवून काढलेलं कर्ज. आमची अशी विहीर होती हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. कर्ज काढणारी बाई होती. अमुक कोम तमुक, म्हणजे अमक्याची बायको, असं तिचं नाव होतं. ती माझी पणजी. पणजोबा अकाली गेले आणि शेती तिने राखली असं उडत उडत ऐकलं होतं, पण तिचं नाव घरात कुणालाही सांगता येत नव्हतं. कागदाच्या तळाशी तिची सही नाही. एक लहानसा गोल काढलेला आहे आणि शेजारी लिहिलंय, निशाणी बांगडीची. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा आणि बाई बांगडी काढायची, हे सरांनी सांगितलं. मी त्या गोलावरून बोट फिरवलं. ज्या दिवशी ती तिथे बसली असेल त्या दिवशी तिच्याकडे वेळच वेळ नक्कीच नव्हता.

गुरुवार मिळाला तो सहज नाही. तो राखावा लागला. वहिनीचा फोन यायचा, "अगं, आज बाळाला आणशील ना?" मी म्हणायचे, गुरुवार सोडून कुठलाही दिवस सांग. पलीकडे क्षणभर काही बोलणं यायचं नाही. त्या क्षणात मला स्वतःचा राग यायचा, कारण एक तासाचं काम होतं आणि मी बसल्या जागी रेघोट्या मारणार होते. पण हळूहळू वहिनीच दुसऱ्यांना सांगू लागली, तिला आज विचारू नका, आज तिचा क्लास असतो. तिने ते मान्य केलं याचं मला फार मोल वाटतं. बाईच्या शिकण्याला घराने वेळ द्यावा यासाठी कुठली नोटीस लागत नाही, पण तोंडाने सांगावं लागतं, आणि तेही परत परत.

सगळीच कामं मी दूर सारली असं मात्र नाही. सासूबाई पुढे अंथरुणाला खिळल्या. त्यांची आंघोळ, केस विंचरणं, औषधं हे मी माझ्या वहीत माझंच म्हणून लिहिलं. लिहिल्यावर त्याचा भार बदलला. गॅसची केवायसी लोकांनी माझ्यावर टाकली होती. सासूबाईंची सकाळ मी घेतली. दोन्हींत कष्ट सारखेच असतील, जास्तच असतील, पण दुपारी मी दमून बसायचे तेव्हा आज काय केलं ते मला सांगता यायचं. मला वाटतं माझ्यासाठी ठरवून जगणं म्हणजे एवढंच आहे की काम आपण घेतलंय की ते आपल्यावर येऊन पडलंय, हे रोज विचारायचं. उत्तर दर वेळी मिळतंच असं नाही.

चालण्याचं सांगण्यासारखं फार नाही. अजिंक्यताऱ्यावर मी जाते, पण रोज नाही. पावसात पायऱ्या निसरड्या होतात तेव्हा चार भिंती स्मारकापर्यंतच. पोहणं सुटलं. इंग्रजी कादंबऱ्या मी वहीतून खोडल्या आणि खोडल्यावर हलकं वाटलं.

पैशाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायची आहे. पेन्शन माझी, माझ्या खात्यात येते. तरी मोडीच्या वर्गाची फी भरताना, पुण्याला जायचं एसटीचं तिकीट काढताना मी घरात कारण सांगत होते. कुणी मागितलं नव्हतं. यांनी तर कधीच नाही. इतकी वर्षं पगार घरखर्चात, मुलीच्या शिक्षणात, घराच्या हप्त्यात गेला. स्वतःच्या नावावर खर्च टाकायची हाताला सवयच नव्हती. मग मी पोस्टात एक वेगळं बचत खातं उघडलं आणि दर महिन्याला त्यात ठरावीक रक्कम टाकते. त्यातून काय घेतलं ते कुणाला सांगत नाही. एक भिंग घेतलं, जुन्या कागदांवर धरायला. माझ्या मैत्रिणींना मी आवर्जून सांगते की निवृत्तीच्या हिशेबात हा आकडा पहिल्या पानावर लिहा.

यांची नोकरी अठ्ठावन्नला संपली तेव्हा मला वाटलं होतं, आता मी अनुभवी आहे, यांना सांगेन. तसं झालं नाही. ते दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून बागेत जातात, मित्रांबरोबर चहा घेतात, दुपारी पेपर वाचतात आणि त्यांना काहीही चुकल्यासारखं वाटत नाही. मी विचारलं, तुम्हाला पुढे काय करायचंय? म्हणाले, हेच. मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्यांना ध्येय नाही आणि ते सुखात आहेत. मला ध्येय हवंच असतं, नाहीतर जीव कासावीस होतो. यात कुणाचं बरोबर आहे हे मी ठरवू शकत नाही. एका घरात दोन्ही राहू शकतात, एवढं दिसतंय.

आता माझी साठी झाली. तेव्हा ज्यांनी अर्ज भरला नव्हता ते माझ्या वयाचे सहकारी आता रीतसर निवृत्त होताहेत आणि मला फोन करतात. काय करतेस, कसं जमवलंस? मी त्यांना लाइनमनचं सांगते, वार ठरवा. पण माझ्याजवळ त्यापुढचं उत्तर नाही. ट्रंक आता बरीचशी वाचून झाली आहे. तळाशी राहिलेत ते हिशेबाचे ताळेबंद, धान्याच्या मापांचे. ते संपले की गुरुवारी काय, हे मला अजून माहीत नाही. एक ध्येय पूर्ण होत आलं की मोकळं वाटेल असं मी समजत होते. पूर्ण होत आलं तशी मी रोज वाचायचं कमी केलं आहे. कागद पुरवून पुरवून वाचते.

परवा माहेरच्या गावी गेले तेव्हा भावकीतले एक आजोबा पिशवी घेऊन आले. आत गुंडाळ्या केलेले कागद, त्यांच्या घरचे. त्यांच्यामागे आणखी दोघे होते. तुला वाचता येतं म्हणे, म्हणाले. कागदावर फसली सन होता. तो मी तिथल्या तिथे लावून दाखवला आणि आजोबा खाटेवर बसले. मग सरपंचांनी विचारलं, शाळेच्या खोलीत शनिवारी येशील का? ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना बोलावतो. यादीतल्या पेटीला मी पुढे शनिवार दिला होता. अजून सारेगमच्या पुढे फार गेलेली नाही, पण ती मला आवडते, आणि तो वार मी फार मुश्किलीने धरून ठेवलाय. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दर शनिवारी जमणार नाही, महिन्यातला पहिला शनिवार चालेल का, असं विचारलंय. त्यांचा निरोप यायचा आहे.